शिट्टीनंतरचा हिशेब

कोल्हापुरात फुटबॉल समजावून सांगायची वेळ सहसा कुणावर येत नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ या संघांच्या नावांवर इथं पेठा आणि घरं वाटली गेलेली आहेत. राजर्षी शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की त्या दिवशीची कामं दुपारीच आवरली जातात. मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे आणि शालेय, महाविद्यालयीन व स्थानिक स्पर्धांमध्ये पंच म्हणून उभा राहतो. एवढ्या जाणत्या प्रेक्षकांसमोर शिट्टी घेऊन धावताना एक गोष्ट मला सतत जाणवते. खेळ इथं सगळ्यांना कळतो, पण चूक झाल्यावर खेळ पुन्हा कुठून आणि कोणत्या किकनं सुरू होतो, हे फार थोड्यांना नीट माहीत असतं.

'ओ पंच, डीत पाडलंय, पेनल्टी द्या की!' 'हँड हाय, हँड!' हे आरडाओरडे मी इतके ऐकलेत की आता आवाजावरून पेठ ओळखता येते. त्यामागं एक समजूत असते. डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या मोठ्या चौकटीत, काही वावगं घडलं की पेनल्टी, आणि गुन्हा जितका मोठा तितकी पेनल्टी पक्की. नियमपुस्तकात असं कुठंही लिहिलेलं नाही. शिट्टी मारल्यावर पंचाला दोन वेगवेगळे हिशेब करायचे असतात. खेळ कसा सुरू करायचा, हा पहिला. खेळाडूला कार्ड दाखवायचं का आणि कुठलं, हा दुसरा. हे दोन हिशेब लोकांच्या मनात एकमेकांत मिसळलेले असतात, आणि मैदानावरची बहुतेक भांडणं तिथून उठतात.

पहिल्या हिशेबाची सुरुवात एका साध्या प्रश्नानं होते. चेंडू खेळात होता का?

कॉर्नर किकचा प्रसंग घ्या. चेंडू कोपऱ्यात ठेवलाय, मारणारा दोन पावलं मागं सरतोय आणि गोलसमोर ढकलाढकली चाललीय. एका बचावपटूनं समोरच्याला दोन्ही हातांनी ढकलून आडवा केला. सगळ्या गॅलरीनं पाहिलं. तरीही पेनल्टी नाही. किक अजून मारलेली नाही, चेंडू खेळात आलेला नाही, म्हणून फ्री किकही नाही आणि पेनल्टीही नाही. पंच समज देईल, पिवळं कार्ड दाखवेल, मारामारी असेल तर लालही दाखवेल, पण खेळ त्याच कॉर्नरनं सुरू होईल. किक बसून चेंडू स्पष्टपणे हलला, की पुढच्याच क्षणी तीच ढकल पेनल्टी ठरते. म्हणून कॉर्नरआधी हातापायी दिसली की मी शिट्टी मारून त्या दोघांना बाजूला घेतो. प्रेक्षक वैतागतात, वेळ जातोय म्हणतात. त्या अर्ध्या मिनिटात एक पेनल्टी टळलेली असते.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. चेंडू खेळात असला, की तो मैदानात नेमका कुठं आहे याला महत्त्व उरत नाही. चेंडू समोरच्या टोकाला, सगळ्यांच्या नजरा तिकडं, आणि मागं आपल्या डीत बचावपटूनं स्ट्रायकरच्या पोटरीवर लाथ घातली. सहायक पंचानं झेंडा फडकवला तर पेनल्टीच. चेंडू साठ मीटरवर असला म्हणून शिक्षा बदलत नाही.

दुसरा प्रश्न गुन्ह्याच्या जातीचा. प्रतिस्पर्ध्याला लाथ मारणं, पाय घालून पाडणं, ढकलणं, धडक देणं, अंगावर उडी घेणं, मारणं, टॅकल करताना माणूस गाठणं, धरून ठेवणं, चेंडू हातानं खेळणं, थुंकणं, चावणं, वस्तू फेकणं, या गुन्ह्यांना डायरेक्ट फ्री किक मिळते. यातला गुन्हा आपल्याच डीत घडला तर ती किक पेनल्टी बनते. धोकादायक पण स्पर्श न झालेला खेळ, अंगाला न लागता वाट अडवणं, पंचाशी हुज्जत, शिवीगाळ, गोलरक्षकाचे हाताळणीचे दोष, या सगळ्यांना इनडायरेक्ट फ्री किक. तिथं पंच एक हात डोक्यावर उभा धरतो, आणि दुसऱ्या कुणाचा स्पर्श झाल्याशिवाय गोल धरत नाही. इनडायरेक्ट किक थेट समोरच्या जाळ्यात गेली तर गोल नाही, गोल किक.

आता समजा, डीत एका बचावपटूनं आक्रमकाला घाणेरडी शिवी दिली. मी लाल कार्ड काढलं. गॅलरीला वाटतं, लाल कार्ड आणि तेही डीत, म्हणजे पेनल्टी ठरलेलीच. नाही. तोंडानं केलेल्या गुन्ह्याला इनडायरेक्ट फ्री किक आहे. खेळाडू सामन्याबाहेर गेला, संघ दहा जणांवर आला, तरी पेनल्टी मिळणार नाही. याच्या उलट, बचावपटू चेंडूसाठी प्रामाणिकपणे गेला, जरा उशीर झाला आणि समोरचा पडला. यात फक्त निष्काळजीपणा आहे, कार्ड नाही, पण पेनल्टी आहे. नियमात तीन पायऱ्या आहेत. निष्काळजीपणाला कार्ड नाही, बेपर्वाईला पिवळं, अतिरेकी ताकदीला लाल. पायरी कुठलीही असो, किक तीच राहते.

गोलरक्षकाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथं सर्वांत जास्त गोंधळ असतो. सहकाऱ्यानं पायानं मुद्दाम मागं दिलेला चेंडू गोलरक्षकानं हातात घेतला तर इनडायरेक्ट फ्री किक. कार्ड नाही, पेनल्टीही नाही. तो चेंडू गोलजवळच्या छोट्या चौकटीत उचलला असेल, तर किक त्या चौकटीच्या पुढच्या रेषेवर ठेवायची, म्हणजे गोलपासून जेमतेम साडेपाच मीटरवर. बचाव करणाऱ्यांना एरवी ९.१५ मीटर लांब जावं लागतं, इथं तेवढी जागाच नसते. म्हणून त्यांना दोन खांबांच्या मध्ये गोलरेषेवर उभं राहायची मुभा आहे. अख्खा संघ गोलरेषेवर खांद्याला खांदा लावून उभा, समोर चेंडू, आणि पहिला स्पर्श होताच सगळ्यांची चेंडूवर झेप. फुटबॉलमध्ये इतकं दाट दृश्य दुसरं नाही. असा प्रसंग आला की मी दोन्ही संघांना एकदा मोठ्यानं सांगतो, 'इनडायरेक्ट आहे, माझा हात बघा.' मग नंतर कुणी समजलं नाही म्हणू शकत नाही.

याच जागेवरचा एक नवा बदल मला फार पटला. गोलरक्षकानं सहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ चेंडू हातात ठेवला तर इनडायरेक्ट फ्री किक द्यावी, असा नियम वर्षानुवर्षं होता. प्रत्यक्षात तो जवळजवळ कुणीच लावत नव्हतं, कारण दोन-तीन सेकंदांच्या रेंगाळण्याला गोलसमोरून किक ही शिक्षा फार जड वाटायची. २०२५-२६ च्या नियमांत वेळ वाढवून आठ सेकंद केला आणि शिक्षा बदलून कॉर्नर केली. शेवटची पाच सेकंदं पंचानं हात वर करून बोटांनी मोजून दाखवायची. शिक्षा हलकी झाली आणि नियम जिवंत झाला. नियम करणाऱ्यांनी मैदानाचं ऐकलं की असं होतं.

हँडबॉलबद्दल गॅलरीत जेवढा आवाज होतो तेवढा कशाबद्दलच होत नाही. हात लागला म्हणजे हँडबॉल, ही समजूत खोडून काढायला मला शाळेतल्या मुलांबरोबरही फार वेळ द्यावा लागतो. हात म्हणजे काखेच्या तळापासून खालचा भाग, खांदा त्यात येत नाही. मुद्दाम हात चेंडूकडं नेला तर गुन्हा. हात अशा जागी ठेवला की शरीर विनाकारण रुंद झालं, आणि ती जागा त्या हालचालीतून आपसूक येणारी नव्हती, तर गुन्हा. आणि आक्रमकाच्या हाताला लागून चेंडू थेट गोलमध्ये गेला, किंवा हाताला लागल्यावर लगेच त्यानंच गोल केला, तर नकळत लागलेला असला तरी गोल नाही. पडताना आधारासाठी जमिनीकडं नेलेल्या हातावर चेंडू आपटला, तर बहुतेक वेळा खेळ चालू. निर्णय हाताची जागा पाहून होतो, चेंडू लागल्याचा आवाज ऐकून होत नाही.

तिसरा प्रश्न जागेचा, आणि इथं सेंटिमीटरला किंमत आहे. डी म्हणजे गोलखांबांपासून दोन्ही बाजूंना आणि मैदानात पुढं साडेसोळा मीटरची चौकट. तिच्या रेषा चौकटीतच धरल्या जातात. रेषेवर फाउल झाला तर पेनल्टी. पाय कुठं लागला ते बघायचं, माणूस कुठं जाऊन पडला ते नाही. एक मीटर बाहेर पाय अडकला आणि खेळाडू घसरत डीत पोचला, तर फ्री किक बाहेरूनच. गॅलरीला मात्र तो डीत पडलेला दिसतो. धरून ठेवण्याच्या बाबतीत नियम वेगळा आहे. बाहेर पकडलेला शर्ट डीत येईपर्यंत सोडला नाही, तर पेनल्टी द्यावीच लागते. आणि वस्तू फेकण्याच्या बाबतीत अजून वेगळा. बचावपटूनं डीत उभं राहून बाहेरच्या प्रतिस्पर्ध्याला बूट फेकून मारला, तर बूट जिथं लागला तिथून फ्री किक. डीबाहेरून फेकला आणि आत उभ्या माणसाला लागला, तर पेनल्टी.

आपल्याकडच्या मैदानांवर ही रेषा फक्कीनं मारलेली असते. पहिला हाफ संपेपर्यंत गोलसमोरची फक्की बुटांखाली विरून जाते, दव पडलं किंवा पाऊस झाला तर त्याहून लवकर. मी मध्यंतरात गोलजवळच्या रेषा आणि पेनल्टीचा ठिपका पुन्हा मारून घ्यायला सांगतो. आयोजक कधीकधी कुरकुर करतात. पण ज्या रेषेवर सामन्याचा निकाल लागणार आहे, ती रेषा निदान दिसली पाहिजे.

आता कार्डाचा हिशेब. इथं मला २ जुलै २०१० ची जोहान्सबर्गची ती रात्र आठवते. विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, उरुग्वे विरुद्ध घाना, १-१ बरोबरी, जादा वेळेचे शेवटचे क्षण. घानाचा हेडर गोलमध्ये जाणार, तेवढ्यात लुईस सुआरेझनं गोलरेषेवर दोन्ही हातांनी चेंडू अडवला. पंचांनी लाल कार्ड आणि पेनल्टी दिली. असामोआ ग्यानची किक आडव्या खांबावर आदळली, आणि टायब्रेकरमध्ये उरुग्वे ४-२ नं जिंकलं. तेव्हापासून आजतागायत लोक विचारतात, 'गोल सरळ दिला का नाही?' कारण फुटबॉलमध्ये पंच न झालेला गोल देऊ शकत नाही. चेंडू अख्खा रेषा ओलांडून गेला तरच गोल. हातानं अडवलेल्या गोलची भरपाई पेनल्टी आणि लाल कार्ड, एवढीच आहे. सुआरेझनं ती पूर्ण किंमत मोजली. घानाचं दुःख खरं आहे, तरीही मला पंचाचा निर्णय अगदी चोख वाटतो. पंचानं त्या क्षणी दया दाखवून गोल दिला असता, तर पुढच्या सामन्यात 'हा चेंडू नक्की आत गेला असता' हे ठरवायला प्रत्येक पंचाला ज्योतिषी व्हावं लागलं असतं.

गोलची स्पष्ट संधी मारून नेल्यावर पूर्वी पेनल्टी, लाल कार्ड आणि पुढच्या सामन्याला बंदी, असे तीन फटके एकदम बसायचे. २०१६ पासून, बचावपटू खरोखर चेंडूसाठी गेला असेल आणि पेनल्टी दिली असेल, तर पिवळं कार्ड पुरतं. ओढलं, धरलं, ढकललं, किंवा चेंडू मिळण्याची शक्यताच नव्हती, तर लाल कायम. २०२४ पासून नकळत झालेल्या हँडबॉललाही हीच सवलत मिळाली. सुआरेझसारख्या मुद्दाम अडवणाऱ्याला आजही लालच. संधी स्पष्ट होती का, हे ठरवताना मी चार गोष्टी पाहतो: गोलपासूनचं अंतर, खेळाची दिशा, चेंडू त्याच्या ताब्यात राहिला असता का, आणि बाकीचे बचावपटू कुठं होते.

पेनल्टी ही शिक्षा आली तीही अशाच एका हातामुळं रंगलेल्या वादातून. आयर्लंडमधल्या मिलफर्ड गावचा विल्यम मॅक्रम हा स्वतः गोलरक्षक होता, आणि ही कल्पना त्यानं १८९० मध्ये मांडली. तेव्हा तिला बराच विरोध झाला. सभ्य माणूस मुद्दाम फाउल करतो असं मानायलाच अनेक जण तयार नव्हते. १८९१ मध्ये इंग्लंडच्या एफए कपमधल्या स्टोकविरुद्धच्या एका सामन्यात नॉट्स काउंटीच्या खेळाडूनं गोलरेषेवर चेंडू हातानं अडवला. स्टोकला तिथूनच फ्री किक मिळाली, पण गोलरक्षक चेंडूसमोरच उभा राहिला आणि ती वाया गेली. त्याच वर्षी २ जूनला नियम मंजूर झाला. त्या काळी बारा यार्डांच्या रेषेवरून कुठूनही किक मारता यायची आणि गोलरक्षक सहा यार्ड पुढं येऊ शकायचा. आजचा ठिपका १९०२ मध्ये आला, आणि त्याच्याभोवतीची कमान १९३७ मध्ये.

पेनल्टी दिल्यावर पंचाचं काम संपलं असं लोकांना वाटतं. खरं तर तिथून पुढचं एक मिनिट सर्वांत कठीण असतं. गोलरक्षक रेषेवर, तोंड मारणाऱ्याकडं. मारणारा कोण, ते मला स्पष्ट कळलं पाहिजे. दुसऱ्याच कुणी धावत येऊन मारली तर इनडायरेक्ट किक समोरच्या संघाला आणि त्या खेळाडूला पिवळं कार्ड. बाकी सगळे डीच्या बाहेर, कमानीच्या बाहेर आणि चेंडूच्या मागं. चेंडूचा काही भाग ठिपक्याच्या मध्यावर असलाच पाहिजे. खेळाडू पायानं माती उकरून चेंडू पुढं सरकवायला बघतात, मी तो उचलून पुन्हा जागेवर ठेवायला सांगतो. सहायक पंच गोलरेषा आणि डीची रेषा मिळते त्या कोपऱ्यात उभा राहतो. गोलरक्षकाचे पाय आणि चेंडूनं रेषा ओलांडली का, या दोन गोष्टी त्याच्या. बाकीचं माझ्याकडं.

किक मारली जाते त्या क्षणी गोलरक्षकाच्या एका पायाचा थोडा तरी भाग रेषेवर, रेषेच्या वर हवेत किंवा मागं हवा. तो दोन्ही पायांनी पुढं आला आणि त्यानं चेंडू अडवला, तर किक पुन्हा. पहिल्यांदा समज, पुढच्या वेळी पिवळं कार्ड. पुढं येऊनही गोल झाला तर गोल धरायचा. आणि किक बाहेर गेली किंवा खांबाला लागली, तर गोलरक्षकाच्या पुढं येण्यानं मारणाऱ्यावर स्पष्ट परिणाम झाला असेल तरच पुन्हा. इतरांच्या डीत शिरण्याबद्दलही २०२४ पासून हेच तत्त्व आहे. शिरल्यानं गोलरक्षकाला किंवा मारणाऱ्याला अडथळा झाला, अथवा शिरलेल्यानं परतलेल्या चेंडूवर कब्जा करून फायदा उठवला, तरच शिक्षा. नाहीतर कमानीत पडलेल्या एका पावलासाठी किक पुन्हा पुन्हा घेत बसावं लागायचं.

मारणाऱ्यालाही बंधन आहे. धावताना थबकणं, लय बदलणं चालतं. धाव संपल्यावर, पाय चेंडूजवळ नेऊन मारल्याचं ढोंग करणं चालत नाही. अशा ढोंगानंतर गोल झाला तरी तो रद्द, पिवळं कार्ड आणि समोरच्यांना इनडायरेक्ट किक. किक मात्र थेट गोलवरच मारायला हवी असं नाही, चेंडू पुढं गेला पाहिजे एवढंच. १९८२ मध्ये अॅजॅक्सच्या योहान क्रायफनं पेनल्टीवर चेंडू तिरका पुढं सहकारी येस्पर ओल्सनकडं ढकलला, त्यानं तो परत दिला आणि क्रायफनं गोल केला. पूर्णपणे नियमात बसणारा गोल.

गोलरक्षकाच्या नाटकांवर बंधन यायला कारण झाला २०२२ चा विश्वचषक. फ्रान्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात टायब्रेकरच्या वेळी अर्जेंटिनाच्या एमिलियानो मार्टिनेझनं चेंडू लांब फेकून मारणाऱ्याला तो आणायला लावला. पुढच्या वर्षी नियमात शब्द आले: मारणाऱ्याचं लक्ष अन्यायानं विचलित करायचं नाही, विलंब लावायचा नाही, खांबांना किंवा जाळीला हात लावायचा नाही. त्या सामन्याचे पंच होते पोलंडचे शिमॉन मार्चिनियाक. योगायोग असा की १२ मार्च २०२५ ला अॅटलेटिको माद्रिद आणि रेआल माद्रिदच्या चॅम्पियन्स लीग सामन्यातही तेच पंच होते. टायब्रेकरमध्ये हुलियन अल्वारेझ घसरला, त्यानं मारलेला चेंडू त्याच्याच दुसऱ्या पायाला किंचित लागून जाळ्यात गेला. व्हिडिओ पंचांनी तो स्पर्श पकडला आणि गोल रद्द झाला. रेआल जिंकलं. लिहिलेल्या नियमाप्रमाणं निर्णय बरोबर होता. पण नियमानं मुद्दाम दोनदा मारणारा आणि पाय घसरणारा यांत फरक केलेला नव्हता. त्यानंतर काही महिन्यांत नियमकर्त्या मंडळानं खुलासा केला: असा स्पर्श चुकून झाला आणि चेंडू गोलमध्ये गेला, तर किक पुन्हा. गोल झाला नसेल तर टायब्रेकरमध्ये ती हुकलेली धरायची.

दोनदा मारण्याचा हा नियम आपल्या मैदानांवर वेगळ्या रूपात भेटतो. एका शालेय स्पर्धेत वेळ संपत असताना पेनल्टी मिळाली. वेळ संपली तरी ती किक पूर्ण करू द्यावी लागते, पण फक्त ती किक. मुलानं जोरात मारली, चेंडू आडव्या खांबावर आदळून त्याच्याच पायाशी आला आणि त्यानं तो जाळ्यात टाकला. सगळी शाळा मैदानात धावली. गोल नव्हता, आणि दोन कारणांनी नव्हता. वाढीव वेळेत मारणाऱ्याचा चेंडूला पुन्हा पाय लागला तिथंच किक संपली होती. आणि खेळ चालू असता तरी, खांबाला लागून आलेला चेंडू दुसऱ्या कुणी स्पर्श केल्याशिवाय मारणाऱ्याला पुन्हा खेळता येत नाही. गोलरक्षकाच्या हाताला लागून आला असता आणि वेळ शिल्लक असती, तर गोल ठरला असता. तो मुलगा रडवेला होऊन माझ्याकडं आला, 'सर, पण चेंडू आत गेला ना?' मी त्याला तिथंच मैदानात बसवून हे सगळं सांगितलं. त्याच्या प्रशिक्षकांनीही ऐकलं. त्यांनाही दुसरं कारण माहीत नव्हतं.

फ्री किकचं ज्ञान नसल्यानं किती मोठं नुकसान होतं, याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. ३ मार्च २०२३, बंगळूरचं कंठीरवा स्टेडियम, इंडियन सुपर लीगचा बाद फेरीचा सामना. जादा वेळेत बंगळूर एफसीला फ्री किक मिळाली. केरळ ब्लास्टर्सचा गोलरक्षक भिंत लावत असतानाच सुनील छेत्रीनं चेंडू सरळ गोलमध्ये टाकला. पंचांनी गोल दिला. केरळचा संघ निषेध म्हणून मैदान सोडून गेला, सामना बंगळूरला मिळाला, आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं केरळला चार कोटी रुपयांचा दंड केला. पंच शिट्टी मारेपर्यंत फ्री किक मारता येत नाही, ही आपल्याकडची सर्वांत पक्की आणि सर्वांत चुकीची समजूत. ज्याच्यावर फाउल झाला, त्याला खेळ ताबडतोब सुरू करायचा हक्क आहे. शिट्टीची वाट तेव्हाच पाहायची जेव्हा पंच थांबायला सांगतो: कार्ड दाखवायचं असेल, कुणी जखमी असेल, बदली खेळाडू येत असेल, किंवा मारणाऱ्यानं ९.१५ मीटर अंतर मागितलं असेल. अंतर मागितलंत की घाईची किक गेली. न मागता लगेच मारलीत आणि जवळ उभ्या प्रतिस्पर्ध्याला चेंडू लागला, तर खेळ चालू. मात्र प्रतिस्पर्ध्यानं मुद्दाम आडवं येऊन किक मारूच दिली नाही, तर त्याला पिवळं कार्ड. त्या रात्रीच्या गोलबद्दल चर्चा अजून चालते. माझ्या मते भिंत लावण्याआधी चेंडूसमोर एक माणूस नियमात बसेल एवढ्या अंतरावर उभा करणं, हे गोलरक्षकाचं पहिलं काम होतं.

नियमांची ही पुस्तिका दरवर्षी बदलते. इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्ड ती ठरवतं आणि आपल्या संकेतस्थळावर सर्वांना मोफत देतं. एकूण सतरा नियम आहेत, आणि फाउल, फ्री किक व पेनल्टी हे त्यातले फक्त तीन: बारावा, तेरावा आणि चौदावा. तालमींच्या आणि शाळांच्या संघांना माझी कळकळीची विनंती आहे. हंगाम सुरू होण्याआधी एक संध्याकाळ या तीन नियमांसाठी द्या. जवळच्या पंचाला बोलवा, खेळाडूंबरोबर समर्थकांनाही बसवा. आम्ही मानधन न घेता येऊ.